शोधनिबंध मोजावेत की वाचावेत?

दरवर्षी पावसाळा सरता सरता जगातील ‘अव्वल दोन टक्के’ शास्त्रज्ञांची यादी जाहीर होते आणि विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतही बसस्थानकासमोरच्या चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर प्राध्यापकांचे छायाचित्र असते, त्याखाली शोधनिबंधांची संख्या, उद्धरणांची म्हणजे इतर निबंधांनी दिलेल्या हवाल्यांची संख्या आणि त्या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स असतो, आणि वरच्या बाजूला अर्थातच संस्थाचालक असतात. संशोधक वैद्यकशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा असला की फ्लेक्स उतरण्याआधीच वाद सुरू होतो. एका बाजूचे म्हणणे असते की जगाने हजारो वेळा ज्याचा हवाला दिला, त्याच्या थोरवीला आणखी कोणता पुरावा हवा? दुसरी बाजू विचारते की या कागदांनी मेळघाटातले एक तरी मूल वाचले का, सिरोंच्यातल्या एका तरी बाईला दवाखाना मिळाला का? हा वाद गेली काही वर्षे मी वाचतो आणि ऐकतो आहे. त्यात मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की दोन्ही बाजूंच्या लोकांपैकी त्या संशोधकाचा एकही निबंध कोणी वाचलेला नसतो. एकाने आकडा पाहून मान डोलावलेली असते आणि दुसऱ्याने आकडा पाहूनच नाक मुरडलेले असते. माझे मत असे आहे की जैववैद्यकीय संशोधकाचे काम जोखायचे असेल, तर त्याचे निवडक निबंध वाचण्याला पर्याय नाही. उद्धरणांचा आकडा फार तर वाचनाला कुठून सुरुवात करावी हे सांगू शकतो. आणि ग्रामीण विदर्भासारख्या भागात वाचण्याऐवजी मोजण्याची किंमत इतर कुठल्याही भागापेक्षा अधिक मोजावी लागते.

आधी हे आकडे कशासाठी निघाले ते पाहू. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरणांची सूची करण्याची कल्पना मांडली, तेव्हा एखाद्या निबंधाचा पुढे कोणी कसा उपयोग केला, त्यावर कोणी आक्षेप घेतला, हे अभ्यासकाला शोधता यावे असा हेतू होता. त्याच कामातून निघालेला इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा आहे: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती उद्धरणे मिळाली, भागिले त्या लेखांची संख्या. कोणती नियतकालिके निवडावीत हे ठरवण्यासाठी तो ठीक होता. त्यात लिहिणाऱ्या एका माणसाविषयी तो काहीच सांगत नाही. माणसासाठीचा एच-इंडेक्स पदार्थवैज्ञानिक जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. किमान वीस उद्धरणे मिळालेले वीस निबंध असतील, तर एच-इंडेक्स वीस. पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, हिर्श यांनी स्वतःच या मापाचे अनिष्ट परिणाम कबूल केले. ज्या यादीवरून आपल्याकडे हारतुरे होतात, ती स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या उद्धरणसूचीच्या माहितीवरून तयार केलेली आकडेमोड आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नाही. त्या यादीत संपूर्ण कारकिर्दीचा तक्ता वेगळा असतो आणि एका वर्षाचा वेगळा. शिवाय प्रत्येकाच्या नावापुढे त्याने स्वतःच स्वतःचा हवाला किती टक्के दिला आहे, याचाही रकाना असतो. हा रकाना फ्लेक्सवर छापलेला मी अद्याप पाहिलेला नाही.

मोजणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे, कारण तो सहसा शहरातल्या टीकाकारांच्या लक्षात येत नाही. आडगावच्या महाविद्यालयातून आलेला, पाठीशी कोणी नसलेला, समितीतल्या कोणाच्याही ओळखीपाळखीचा नसलेला उमेदवार मुलाखतीला बसतो, तेव्हा आकडा हाच त्याचा वकील असतो. ‘गुणवत्ता पाहून ठरवू’ असे म्हणणाऱ्या समित्यांनी आजवर कोणाची गुणवत्ता पाहिली आणि कोणाची पाहिली नाही, हे दलित, आदिवासी आणि खेड्यातल्या उमेदवारांना सांगावे लागत नाही. आकड्याला जात नसते, आडनाव नसते, तो फोन करत नाही. मग तो काढून टाका म्हणणारे नकळत पुन्हा वशिल्याचेच दार उघडत नाहीत काय? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. मी त्याकडे परत येईन.

दुसरा मुद्दा असा की उद्धरणे कधीकधी झाकलेले माणिक उजेडात आणतात. शंभुनाथ डे या विकृतिशास्त्रज्ञाने कोलकात्यात अगदी साध्या साधनांनी प्रयोग करून पटकीचे जंतू एक विष बाहेर सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहू लागते, हे सिद्ध केले. ‘नेचर’मध्ये हा निबंध १९५९ मध्ये आला. मायदेशी त्याचे कौतुक झाले नाही. भारतातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने डे यांना सदस्यत्व दिले नाही आणि १९८५ मध्ये ते वारले. त्यानंतरच्या वर्षी गारफिल्ड यांनीच उद्धरणांचा नकाशा मांडून पटकीच्या संशोधनात डे यांचा निबंध किती मध्यवर्ती आहे, हे दाखवून दिले. म्हणजे ज्या मापाला आपण नावे ठेवतो, त्यानेच एका उपेक्षित भारतीयाला न्याय दिला. परंतु हे घडायला पाव शतक लागले, आणि तोवर डे यांच्या बढतीची, मानाची, प्रयोगशाळेची सगळी वर्षे सरून गेली होती. त्या पंचवीस वर्षांत कोलकात्यातल्या कोणा समितीने आकड्याची वाट न पाहता तो निबंध बसून वाचला असता तर? तो फार मोठा नाही, आणि त्यातला प्रयोग समजायला पटकीतज्ज्ञ असण्याचीही गरज नाही.

आता आकडा नेमके काय मोजतो ते पाहू. जगात सर्वाधिक उद्धरणे मिळालेला निबंध ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा, द्रावणातले प्रथिन मोजण्याच्या पद्धतीविषयीचा आहे. तीन लाखांहून अधिक वेळा त्याचा हवाला दिला गेला, कारण ती पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाला तो द्यावाच लागतो. तो थोर निबंध नाही, हे खुद्द लाउरी यांनाही ठाऊक होते. दुसऱ्या टोकाला अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला निबंध आहे. बारा मुलांच्या माहितीवरून त्याने गोवर-गालगुंड-रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. त्याला मिळालेली उद्धरणे हजारापेक्षा जास्त आहेत आणि त्यांतली बहुतेक त्याचे खंडन करणारी आहेत. बेरजेच्या यंत्राला शिवी आणि शाबासकी यांतला फरक कळत नाही.

हे सर्वपरिचित दोष झाले. ग्रामीण विदर्भाच्या दृष्टीने त्याहून गंभीर दोष वेगळाच आहे. उद्धरणे देतात ते संशोधक, रुग्ण नव्हेत. एखाद्या रोगावर जगात किती प्रयोगशाळा काम करतात, त्या प्रमाणात त्या रोगावरच्या निबंधाला उद्धरणे मिळतात, आणि प्रयोगशाळा किती असाव्यात हे पैसा ठरवतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात धानानंतरच्या ओलीवर लाखोळी ही डाळ येते. दुष्काळी वर्षात दुसरे काही नसताना महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. त्यामागचे विषारी अमिनो आम्ल भारतीय संशोधकांनी १९६४ मध्ये वेगळे केले. पण आज लाखोळीच्या लकव्यावर जगात किती प्रयोगशाळा काम करत असतील? स्तनाच्या कर्करोगावर जितक्या करतात, त्यांच्या शतांशही नसतील. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळले होते, कपाशी डोक्याच्या वर गेल्यावर फवारा अंगावर कसा येतो, दवाखान्यात पोहोचेपर्यंत किती तास गेले, याचा काटेकोर अभ्यास करणाऱ्या तरुण डॉक्टरच्या निबंधाचा हवाला बोस्टनमध्ये कोण देणार? सर्पदंशाला तर जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत पक्की जागा दिली तीच २०१७ मध्ये. ‘दुर्लक्षित’ असा शिक्का असलेल्या रोगावर काम करायचे आणि वर ‘तुमच्याकडे लक्ष का गेले नाही’ असा जाब द्यायचा, ही कोणती रीत झाली?

याच धर्तीचा एक प्रयोग एकोणिसाव्या शतकात होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांना परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली आणि लवकरच ती मुंबई इलाख्यातही आली. पद्धत वरून अगदी निष्पक्ष होती. निरीक्षकाने यावे, किती मुलांना वाचता येते आणि गणित येते ते मोजावे, तितके पैसे द्यावेत. शिक्षकाची जात, शाळेचे गाव यांचा प्रश्नच नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या पद्धतीवर आक्षेप घेतला. ज्या गरीब, अशिक्षित समाजात विद्येची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पैसे देण्याची रीत चालणार नाही, आणि तिच्या भरवशावर तिथे शाळा काढायला कोणी शिक्षक पुढेही येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आकडा सगळ्यांना सारखाच लागू होता हे फुल्यांना मान्य असते. त्यांचे म्हणणे जमिनीविषयी होते. जिथे जमीन तयार आहे तिथे निकाल आपोआप चांगला लागतो आणि अनुदानही तिथेच जाते. जिथे नांगरटीपासून सुरुवात करायची आहे तिथे शिक्षक उपाशी राहतो. इंग्लंडमध्ये तर शिक्षकांनी निरीक्षकाच्या भेटीपुरते धडे घोकून घेण्याचा सपाटा लावला, आणि अखेर शतक संपण्याच्या आत ती पद्धत तिथे मोडीत निघाली. कोणतेही माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, हा विचार अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने १९७५ पासून ओळखला जातो. आपल्याकडे तो त्याआधी त्र्याण्णव वर्षे, आणि गरिबाच्या बाजूने, मांडला गेला होता.

घोकंपट्टीचा आजचा अवतार वैद्यकीय महाविद्यालयांत कोणालाही दिसेल. पदोन्नतीसाठी निबंध सक्तीचे झाले आणि निबंध मिळू लागले, एवढेच म्हणता येईल. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ च्या खुलाशात पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देण्याचे ठरवले आणि केवळ इंटरनेटवर निघणारी नियतकालिके धरायची नाहीत असेही सांगितले. त्याच वेळी नियतकालिकांच्या मान्य सूचींत इंडेक्स कोपर्निकससारखी सैल सूचीही होती. २०१३ मध्ये ‘सायन्स’ने एक मुद्दाम चुका पेरलेला खोटा निबंध तीनशेहून अधिक नियतकालिकांकडे पाठवून पाहिला, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी तो स्वीकारला होता, आणि अशा नियतकालिकांचा मोठा भरणा भारतातला होता. पैसे भरा आणि पंधरवड्यात छापून घ्या, हा धंदा सक्तीच्या नियमावरच पोसला गेला. विभागप्रमुखांचे नाव विभागातून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर असणे हा तर शिष्टाचारच झाला आहे. त्यातून एखाद्याच्या नावावर वर्षाला चाळीस निबंध जमा होतात. चाळीस निबंध म्हणजे दर नऊ दिवसांना एक. इतके लिहून होणे सोडा, इतके वाचून तरी होते काय?

पहिल्या दोन लेखकांचा नियम मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण आपल्या भागातल्या सर्वांत महत्त्वाच्या निबंधाला तो लावून पाहण्यासारखा आहे. गडचिरोलीच्या नवजात बालसेवेचा ‘लॅन्सेट’मधला १९९९ चा निबंध पाच जणांच्या नावावर आहे. त्या नियमाने तिघांच्या पदरात शून्य पडले असते. गावोगाव जन्म-मृत्यूची नोंद घेणे, तुलनेची गावे सांभाळणे, आकड्यांचा हिशेब लावणे ही कामे दोघांनी होत नाहीत. आणि ज्या आरोग्यदूत बायांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन बाळाचे वजन केले, त्यांची नावे तर लेखकांच्या यादीतही नाहीत.

याच निबंधाच्या आधारे दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण मोजणाऱ्यांवर टीका केली की ‘कागद नको, काम हवे’ म्हणणारे टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्या मला नको आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. मेळघाटात किंवा भामरागडात ज्यांनी उभी हयात रुग्णसेवेत घालवली, त्यांच्या नावावर एकही निबंध नसला तरी त्यांच्या कामाला कमीपणा येत नाही. जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात रोज शंभराच्या वर रुग्ण तपासणाऱ्या आणि त्यातच विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकावर निबंधाची सक्ती करणे अन्यायाचे आहे आणि त्या सक्तीने रुग्ण, विद्यार्थी व विज्ञान या तिघांचेही नुकसान होते. चांगला शिक्षक आणि चांगला शल्यविशारद यांना त्या-त्या कामावरच बढती मिळाली पाहिजे. इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे.

पण त्यापुढे जाऊन ‘निबंधाने कोणाचे पोट भरत नाही’ असे कोणी म्हणू लागले की त्याला गडचिरोलीचाच इतिहास वाचायला सांगावा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये छापलेल्या निबंधात दिसले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या केवळ आठ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच तोवर सरकारी आणि आंतरराष्ट्रीय धोरण थांबत होते. कोणा सहृदय डॉक्टरने ‘आमच्याकडच्या बाया फार सोसतात हो’ असे सभेत सांगितले असते, तर श्रोते हळहळले असते आणि चहा घेऊन घरी गेले असते. ९२ या आकड्याला मात्र उत्तर द्यावे लागले, कारण तो गावातल्या सरसकट स्त्रियांच्या तपासणीतून आला होता. दवाखान्यात आपणहून आलेल्यांच्या यादीतून नव्हे.

१९९९ च्या निबंधाचे बळही याच जातीचे आहे. ३९ गावांत गावच्याच प्रशिक्षित बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखली आणि गरज पडली तेव्हा जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही दिले. ४७ गावांत हे केले नाही, फक्त नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. ती ४७ गावे नसती, तर दिल्लीतल्या कोणीही सहज म्हटले असते की रस्ते झाले, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून मुले जगली. घरगुती नवजात बालसेवा २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि आज देशभरातली आशा ताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, तिच्या पायवाटेचा उगम त्या छापील पानांत आहे. सेवेने ३९ गावांतली मुले वाचली. प्रसिद्ध झालेल्या पुराव्यामुळे ती सेवा इतर राज्यांत पोहोचली. अनुभव लिहून, तपासायला खुला करून ठेवला नाही, तर तो डॉक्टरबरोबरच संपतो. विदर्भात असे किती अनुभव संपले असतील?

आणि तरीही, इथेच वाचनाचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. हा निबंध जगभर उद्धृत झाला, म्हणजे आकडेवाल्यांचीही हरकत नाही. पण निबंध वाचलेल्या माणसालाच हे दिसते की राष्ट्रीय कार्यक्रमात घरभेटी आल्या, वजनकाटा आला, कांगारू पद्धतीने बाळाला उबेत ठेवण्याचा सल्ला आला, मात्र गावातल्या बाईच्या हातातले इंजेक्शन आले नाही. ते योग्य झाले की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात आणि आहेत. पण मूळ अभ्यासातला उपचाराचा एक महत्त्वाचा भाग वगळल्यावर ६२ टक्क्यांची अपेक्षा ठेवावी काय, हा प्रश्न विचारायला उद्धरणांची संख्या कामाची नाही.

छापण्याचे ठिकाण हेही फसवे माप आहे. बांगलादेश युद्धाच्या काळात, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजून पटकीच्या रुग्णांचा मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता तो चारच्याही खाली आणला. त्याचा वृत्तान्त १९७३ मध्ये ‘जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल’ या फारसा दबदबा नसलेल्या आणि पुढे बंदही पडलेल्या नियतकालिकात आला. आजच्या निवड समितीने त्या निबंधाला किती गुण दिले असते?

उलट दिशेचे उदाहरण आपल्या नागपूरचे आहे. मध्य भारतातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नियतकालिक सर्वोच्च, विषय अगदी आपल्या मातीतला. त्यानंतर पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत रक्त तपासणाऱ्यांची रीघ लागली. सिकलसेलवर पदव्या मिळाल्या, निबंध निघाले, परिषदा झाल्या. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू व्हायला मात्र २०२३ उजाडले, म्हणजे पासष्ट वर्षे गेली. हा दोष त्या दोन संशोधकांचा नाही. त्यांनी आपले काम चोख केले. पण मधल्या काळातल्या निबंधांच्या ढिगाविषयी एक प्रश्न विचारण्याचा हक्क ज्यांच्या बोटातून रक्त काढले, त्यांना आहे: आमच्या रक्ताचा अहवाल आम्हाला कोणी समजावून सांगितला काय? अमुक वाहक आहे, तमुक आजारी आहे, दोन वाहकांच्या मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे मराठीत, गोंडीत, माडियात घरी जाऊन सांगितले गेले काय? हे कोणत्याही उद्धरणसूचीत सापडणार नाही. निबंधाचा ‘पद्धती’ हा भाग नीट वाचला आणि लेखकाला समोर बसवून विचारले, तरच सापडेल.

मग वाचायचे कोणी, आणि वेळ कोणाकडे? हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याला उत्तरही व्यवहाराचेच द्यायला हवे. ब्रिटनमध्ये २०१४ साली विद्यापीठांच्या संशोधनाचे मूल्यमापन झाले, तेव्हा १ लाख ९० हजारांहून अधिक निबंध आणि ग्रंथ तज्ज्ञ मंडळांपुढे ठेवले गेले, आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारात घ्यायचा नाही अशी मंडळांना स्पष्ट सूचना होती. त्या पद्धतीवरही टीका झाली. ती खर्चीक आहे, आणि ‘समाजावरचा परिणाम’ दाखवण्यासाठी सुरस कथा रचण्याची चढाओढ तिच्यामुळे लागली, हे खरे आहे. पण तिथे जे देशाच्या पातळीवर जमले, ते आपल्याकडे एका विषयाच्या पाच-दहा उमेदवारांसाठी का जमू नये? उमेदवाराने आपले दोन किंवा तीनच निबंध निवडून द्यावेत, त्यात स्वतः नेमके काय केले ते एका पानात लिहावे, बाहेरच्या दोन वाचकांनी ते वाचून लेखी मत द्यावे. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: काट्यावर वजन कळते, पण भाव ठरतो तो धाग्याची लांबी आणि ओलावा पाहिल्यावर, आणि त्यासाठी कोणाला तरी कापूस हातात घ्यावाच लागतो.

आता वशिल्याचा प्रश्न, जो मी मागे ठेवला होता. वाचणारा माणूस पक्षपाती असू शकतो, हे निर्विवाद आहे. पण आकडाही जितका वाटतो तितका निष्पक्ष नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत, मोठ्या नावाच्या गटात शिरलेल्याचे निबंध आपोआप वाढतात. छापण्यासाठी लागणारे पैसे ज्याच्याकडे आहेत त्याचे वाढतात. ज्याचे नाव प्रमुख म्हणून आपसूक लागते त्याचे वाढतात. ओळखपाळख आकड्यातही असतेच, तिथे ती फक्त दिसत नाही. पक्षपातावर उपाय असा, की वाचकाला आपले मत कारणांसह लिहावे लागेल आणि ते मत उमेदवाराला वाचायला मिळेल. ‘उमेदवाराच्या अभ्यासात तुलनेचा गट नाही’ हे लिहिले तर त्याला उत्तर देता येते, अपील करता येते. ‘एच-इंडेक्स कमी आहे’ याविरुद्ध अपील कुठे करणार? आडगावच्या ज्या उमेदवाराचा वकील म्हणून आपण आकड्याला उभे करतो, त्याने फवारणीच्या विषबाधेवर पाच वर्षे खपून एकच निबंध लिहिला असेल, तर हा वकील त्याच्या विरुद्ध बाजूने उभा राहतो.

हा प्रश्न आता ऐच्छिक राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांतली पाच विदर्भात आहेत: अमरावती, गडचिरोली, बुलडाणा, वाशिम आणि भंडारा. तिथे सुरुवातीला रुजू झालेले सहायक प्राध्यापक चार वर्षांच्या अनुभवानंतर, म्हणजे २०२८ च्या आसपास, पदोन्नतीला पात्र होऊ लागतील आणि आपापल्या निबंधांची यादी समितीपुढे ठेवतील. त्या यादीत लाखोळी, सर्पदंश, सिकलसेल आणि फवारणी असेल की कोणत्याही शहरात बसून लिहिता येतील असे दहा-बारा निबंध असतील, हे समिती यादीचे काय करणार आहे यावर ठरेल. आणि ते त्या तरुण डॉक्टरांना २०२८ मध्ये कळून उपयोग नाही, कारण गावातल्या अभ्यासाला लागणारी तीन-चार वर्षे आत्ताच सुरू झाली आहेत.